कुत्र्याला घेऊन लायडनमध्ये एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेदरलँड्समध्ये राहणारी बरीच मराठी कुटुंबं आता कुत्रा पाळतात. सुटीच्या दिवशी त्याला घेऊन जुनं शहर बघायला निघायचं म्हटलं की तेच ते प्रश्न येतात. इथली उत्तरं लायडनपुरती आहेत, पण सायकली, कालवे आणि खाण्याबद्दलची माहिती डेल्फ्ट, हार्लेम किंवा उट्रेख्टलाही लागू पडेल.

ॲमस्टरडॅम सोडून लायडनच का?

कुत्र्याला म्यूझियम बघायचं नसतं. त्याला कोपरे, झाडांचे बुंधे, गवत आणि पाण्याचे काठ हुंगायचे असतात, आणि लायडनमध्ये हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. जुन्या शहराभोवतीचा खंदक, म्हणजे सिंगल, अजून शाबूत आहे. त्याच्या काठाकाठाने साधारण सहा किलोमीटरचा सिंगलपार्क होत गेला आहे. आत कालव्यांचं जाळं आणि 88 पूल. ॲमस्टरडॅमहून ट्रेनने सुमारे 35 मिनिटं लागतात, हेगहून जेमतेम पंधरा. शिवाय ॲमस्टरडॅमच्या मध्यभागी शनिवारी जी माणसांची भिंत उभी असते, ती इथे फक्त बाजाराच्या दिवशी आणि सणाला दिसते.

ट्रेनमध्ये कुत्रा चालतो का? तिकीट लागतं का?

चालतो. छोटा कुत्रा पिशवीत किंवा मांडीवर असेल तर फुकट. त्याहून मोठ्या कुत्र्यासाठी ‘दाखकार्ट होंट’ हे दिवसभराचं तिकीट काढायचं. ते मशीनवर मिळतं, किंमत साधारण एका कॉफीएवढी, आणि त्या दिवशी एनएसच्या (डच रेल्वे कंपनीच्या) गाड्यांमध्ये कितीही फेऱ्या मारता येतात. सीटवर बसवायचं नाही, दोरी काढायची नाही.

लोक हमखास दोन चुका करतात. पहिली, सरकता जिना. पायऱ्यांच्या फटीत नखं आणि बोटांमधली कातडी अडकते, जखम वाईट होते. साधा जिना किंवा लिफ्ट घ्या, छोट्या कुत्र्याला उचला. दुसरी, डब्याच्या दारापाशी उभं राहणं. प्रत्येक स्टेशनवर तिथून सायकली आणि बॅगा जातात आणि शेपटीवर चाक येतं. आतल्या टोकाची जागा धरा, कुत्र्याला पायांमध्ये बसवा. कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी चार ते साडेसहाच्या दरम्यान प्रवास टाळता आला तर टाळाच.

गाडीने आलो तर?

जुन्या शहरात गाडी फिरवण्यात अर्थ नाही. लामरमार्क्टचं भूमिगत पार्किंग सोयीचं आहे. जमिनीत गोल विहिरीसारखं सात मजले खाली गेलेलं, 2017 मध्ये सुरू झालेलं. वर आलं की समोर पवनचक्की. काही कुत्रे लिफ्टला बिचकतात. आत शिरताना दोरी हातात आखूड धरा आणि दार मिटण्याआधी संपूर्ण कुत्रा, दोरीसकट, आत आहे ना ते बघा.

कोणत्या वाटेनं फिरावं?

आम्ही सुचवतो ती वाट पाच-सहा किलोमीटरची आहे. माणूस एकटा दीड तासात संपवेल. कुत्रा बरोबर असेल तर तीन तास धरा, कारण रस्त्याकडेच्या प्रत्येक खुंटापाशी (बोलार्ड) त्याची टपाल तपासणी असते.

स्टेशनच्या शहराकडच्या बाजूने बाहेर पडा. पाच-सात मिनिटांत ‘दे फाल्क’ ही 1743 ची विटांची उंच पवनचक्की येते. तिच्या पायथ्याशी गवत आहे, पहिला थांबा तिथेच होतो. पाती फिरत असतील तर त्यांची सावली जमिनीवरून सरकते आणि काही कुत्रे त्यावर भुंकतात. त्याला ओढत नेऊ नका, लांबून बघू द्या. पुढे बेस्टेनमार्क्ट, म्हणजे गुरांचा बाजार. मागच्या लामरमार्क्टचा अर्थ कोकरांचा बाजार. आता तिथे गुरं नाहीत, फक्त कॅफेच्या खुर्च्या.

तिथून पश्चिमेला मोर्सपोर्ट, 1669 ची शहराची वेस. मूळ वेशींपैकी आता दोनच उरल्या आहेत: ही, आणि पूर्वेची झायलपोर्ट (1667). मोर्सपोर्टच्या जवळच, खाल्खेवाटरच्या काठी ‘दे पुट’ ही लाकडी पवनचक्की आहे. खाल्खेवाटर म्हणजे फासाच्या खांबाजवळचं पाणी. नाव भयंकर असलं तरी सकाळी ही जागा शांत असते. 1606 मध्ये चित्रकार रेम्ब्रांट जन्मला ती वेडस्टेख गल्ली इथेच आहे.

मग राप्पेनबर्ख कालवा. दोन्ही काठांना झाडं, एका बाजूला 1575 मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाची मुख्य इमारत. समोरचा पूल ओलांडून क्लोकस्टेख गल्लीत शिरलं की पीटर्सकेर्क हे चर्च दिसतं. अमेरिकेत जाऊन वसलेल्या पिल्ग्रिम मंडळींपैकी बरेच जण 1609 ते 1620 या काळात या भागात राहिले. ‘मेफ्लॉवर’ जहाजावरून अमेरिकेत उतरलेल्यांत एक मास्टिफ आणि एक स्पॅनिएलही होता, हे तुमच्या कुत्र्याला सांगायला हरकत नाही.

राप्पेनबर्खच्या पुढे फान दर वेर्फ पार्क लागतं. मध्येच एवढी मोकळी जागा कशी, असा प्रश्न पडतो. 12 जानेवारी 1807 रोजी इथे बंदुकीच्या दारूने भरलेलं जहाज फुटलं, सुमारे दीडशे माणसं गेली आणि घरांची अख्खी वस्ती उद्ध्वस्त झाली. पार्क उभं आहे ते त्या रिकाम्या जागेवर. इथे बसून पाणी पाजा. तिथून प्लांट्सून या लांबट बागेतून सिंगलच्या काठाने झायलपोर्टपर्यंत जायचं. कुत्र्याच्या दृष्टीने दिवसातला हा सर्वांत चांगला तुकडा आहे: माती, गवत, बदकं, आणि दगडी फरशी जवळजवळ नाहीच. शेवटी झायलपोर्टपासून आउडे राइनच्या काठाने आत या, बुर्ख्त (टेकडीवरचा जुना गोल किल्ला) आणि होखलांडसे केर्क या चर्चच्या बाजूने परत स्टेशन.

दम संपत आला असेल तर प्लांट्सूनऐवजी बुर्ख्त गाळा. उलटं करू नका.

दोरी कुठे सोडता येते?

जुन्या शहरात कुठेही नाही असंच धरून चाला. मोकळं सोडण्याच्या जागा नगरपालिकेने ठरवलेल्या आहेत आणि त्यांचा नकाशा तिच्या संकेतस्थळावर असतो. पाटीवर ‘लॉसलोपखेबीट’ लिहिलं असेल तर सोडा, ‘आन द लाइन’ असेल तर दोरी हवी. स्टेशनच्या मागच्या बाजूला लायडसे हाउट ही जुन्या झाडांची मोठी बाग आहे, पण तिथे हरणांचा कुंपणवाडाही आहे. हरणं बघून वेडा होणारा कुत्रा असेल तर कुंपणापासून लांबची वाट धरा.

भारतातून आणलेला काट्यांचा पट्टा वापरू नका. गळ्याला टोचणाऱ्या आतल्या टोकांचा पट्टा इथे 2018 पासून बंद आहे.

आत कुठे-कुठे सोडतात?

म्यूझियममध्ये नाही. पुराणवस्तूंचं राष्ट्रीय म्यूझियम असो की ट्रिक्स नावाच्या टी-रेक्सचा सांगाडा असलेलं नॅचरालिस, तिथे फक्त अंधांचे वगैरे मदतनीस कुत्रे चालतात. 1590 पासूनचं वनस्पती उद्यान, होर्टुस, हेही कुत्र्यांसाठी नाही. सुपरमार्केट नाही. दोघं असाल तर आळीपाळीने आत जा. कुत्र्याला दाराबाहेर खांबाला बांधून जाणं हा वाईट उपाय: घाबरलेला कुत्रा गळ्यातून पट्टा काढून पळतो, आणि चोरीही होते.

कॅफेच्या बाहेरच्या टेबलांवर बहुतेक ठिकाणी कुत्रा चालतो, बरेचदा न मागता पाण्याचं भांडं येतं. आत न्यायचं असेल तर विचारा. बुर्ख्तच्या फाटकावरची पाटी वाचा; वर गेलात तर तटाच्या कठड्यावर कुत्र्याला चढू देऊ नका. आणि होफ्ये, म्हणजे जुन्या धर्मदाय घरांची अंगणं: दार उघडं दिसलं तरी कुत्रा घेऊन शिरू नका. तिथे लोक राहतात.

सायकलींची एवढी भीती का घालता?

कारण लायडनमधल्या कुत्र्याला सर्वांत मोठा धोका त्यांचाच. गाडीचा आवाज येतो; सायकल आणि विजेवरची सायकल मागून चुपचाप येते, आणि चालवणारा वेग कमी करेल असं गृहीत धरू नये.

लांब होत जाणारी, चकरीची दोरी घरी ठेवा. पाच मीटरची बारीक दोरी सायकलच्या वाटेवर आडवी ताणली गेली की चालवणाऱ्याला ती दिसतच नाही. तो पडतो, आणि कुत्रा फरफटतो. दीड ते दोन मीटरची साधी दोरी, छातीचा हार्नेस, त्याला पाठीवर मूठ असेल तर उत्तम. मूठ का, ते कालव्याच्या प्रश्नात येईल. लाल डांबर म्हणजे सायकलची वाट. कुत्रा नेहमी तिच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे सायकल, तुम्ही, कुत्रा या क्रमाने. वाट ओलांडताना दोरी हाताभोवती आखूड करा, दोन्हीकडे बघा, मग सरळ रेषेत ओलांडा. मध्ये थांबून हुंगू देऊ नका.

पैशाची बाजूही आहे. डच दिवाणी कायद्याच्या सहाव्या भागातल्या कलम 179 नुसार, जनावराने केलेल्या नुकसानीला त्याचा मालक जबाबदार असतो, त्याची स्वतःची चूक नसली तरी. कोणी पडून हात मोडला तर बिल तुमच्याकडे येऊ शकतं. घरगुती जबाबदारीचा विमा, एव्हीपी, घेतला असेल तर त्यात कुत्रा धरलेला आहे ना ते आजच तपासा.

कुत्रा कालव्यात पडला तर?

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. कुत्र्याला पोहता येतंच; अडचण बाहेर येण्याची. कालव्यांच्या भिंती विटांच्या, उभ्या, पाण्यापासून वर बऱ्याच उंच, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. पंजा टेकायला काही नसतं. कुत्रा भिंतीवर ओरबाडत राहतो आणि दमून बुडतो. थंडीत हे फार लवकर होतं.

म्हणून: दोरी हातात असेल तर सोडू नका, पण गळ्याच्या पट्ट्याने उचलू नका, गळा आवळतो. हार्नेस असेल तर त्याच्यासकट वर ओढता येतं, पाठीची मूठ इथे उपयोगी पडते. दोरी सुटली असेल तर काठाने चालत त्याला हाका मारत जवळच्या पायऱ्यांकडे, लाकडी धक्क्याकडे किंवा उतरत्या गवताच्या काठाकडे न्या. त्याच्या मागे उडी मारू नका. तुम्हालाही तीच भिंत चढायची आहे. नांगरलेल्या बोटीवर कोणी असेल तर मदत मागा. जमत नसेल तर 112. वर काढल्यावर टॉवेलने पुसा, पाणी झटकू द्या, आणि खोकला किंवा श्वास जड वाटला तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे, कारण फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी दिसतो.

मग मुद्दाम पोहू द्यायला हरकत आहे का?

शहरातल्या कालव्यात नको. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो, म्हणून इथले पशुवैद्य त्याची लस दर वर्षी देतात. ती चुकलेली असेल तर पाण्याकडे फिरकूच देऊ नका. उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ येतं: पाण्यावर रंगाचा तवंग, वास घाणेरडा. ते प्यायलेला किंवा अंगावरून चाटलेला कुत्रा लाळ गाळतो, ओकतो, थरथरतो, आणि काही तासांत मरूही शकतो. ‘ब्लाउआल्ख’ ही पाटी दिसली तर माघारी वळा. अंगाला लागलंच तर चाटण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवा.

त्याला पाणी खेळायचंच असेल तर समुद्रावर न्या. काटवाइकचा किनारा लायडनपासून जवळ आहे. उन्हाळ्यात तिथे कुत्र्यांसाठी वेळ आणि जागेचे निर्बंध असतात, हिवाळ्यात मोकळीक.

बोटीत नेता येईल का?

बऱ्याच बोटवाल्यांना चालतं, तिकिटाआधी विचारा. भाड्याची छोटी बोट घ्यायची असेल तर कुत्र्याला लाइफ जॅकेट घाला, आणि दोरी बोटीला बांधू नका: उडी मारली तर लटकेल. पूल बुटके आहेत, उभं राहिलेल्या माणसासाठीही.

बाजारात काय खाऊ घालू नये?

बुधवारी आणि शनिवारी निउवे राइनच्या काठी बाजार भरतो. जमिनीवर पडलेल्या तुकड्यांकडे कुत्र्याचं लक्ष तुमच्या आधी जातं.

हेरिंग मासा बारीक कांद्यासोबत देतात. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो, तेव्हा ‘काही झालं नाही’ असं त्याच संध्याकाळी ठरवू नका. हेरिंगमधल्या कृमींची भीती नाही, ती आधी गोठवलेली असते, पण मीठ फार. बेदाणे घातलेला गोड पाव (क्रेंटनबोल) आणि नववर्षाचे ओलीबोलन (पिठाचे तळलेले गोळे) यातले मनुके-बेदाणे मूत्रपिंडावर घात करतात. किती खाल्ले तर सुरक्षित, असा आकडा नाही. चॉकलेटचे दाणे, झायलिटॉल घातलेलं च्युइंग गम, काळी खारट ‘ड्रॉप’ गोळी, सगळं बाद. जिरं घातलेलं लायडन चीज थोडंसं चालतं, पण खारट असतं, म्हणून नखाएवढं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली कुठेही भरून घ्या.

खाल्लंच असेल तर काय आणि किती खाल्लं ते लिहून ठेवा, वेष्टण जपा, आणि पशुवैद्याला फोन करा. घरी मीठ पाजून ओकायला लावणं हे भारतातलं जुनं औषध घातक आहे, करू नका.

शी उचलायलाच हवी का?

हो. पिशव्या जवळ नसतील तर तेवढ्यानेही अडचण होऊ शकते. दिवसभरासाठी पाच-सहा पिशव्या घ्या. टाकायच्या पेट्या वाटेवर सापडतात. कालव्यात किंवा झाडाच्या आळ्यात टाकू नका. रेम्ब्रांटने 1633 मध्ये कोरलेल्या, बायबलमधल्या ‘दयाळू शोमरोनी’च्या चित्रात अगदी पुढे एक कुत्रा शी करताना दाखवला आहे, त्यामुळे विषय जुना आहे. उचलण्याची सक्ती तेवढी नवी.

किती चालवावं? ऊन, पाऊस?

मोठ्या, तंदुरुस्त कुत्र्याला वरची पूर्ण वाट जमते. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना 20 अंशांच्या वर तिचा अर्धा भाग पुरे. विटांच्या फरशीवर उन्हात हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्याचा पंजाही टिकणार नाही. पावसाचा अंदाज तासातासाला बघा. लायडनचा वारा पावसापेक्षा जास्त थकवतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ असतं, घरी आल्यावर पंजे कोमट पाण्यात बुडवा.

झाडांपासूनही धोका आहे?

मे ते जुलै ओकच्या झाडांवर रांगेने चालणारे केसाळ सुरवंट असतात, ‘आयकनप्रोसेसीरुप्स’. झाडाला फीत किंवा पाटी लावलेली दिसते. केस जिभेला लागले की जीभ सुजते, मांस सडूही शकतं. चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा, हातात मोजे घाला, लगेच पशुवैद्य. गोचीड गवतात हिवाळ्याबाहेर कायम: रात्री कान, काखा आणि बोटांमधल्या जागा चाचपा, चिमट्याने कातडीलगत धरून काढा, तेल-आगपेटी नको.

3 ऑक्टोबरला आलो तर?

कुत्र्याशिवाय या. 1574 मध्ये त्या दिवशी स्पॅनिश वेढा उठला. शहर अजूनही हेरिंग, पांढरा पाव आणि हुट्सपोट (गाजर-कांदा-बटाट्याचा लगदा) वाटून तो साजरा करतं. जत्रा, बँड, दारू, आतषबाजी. दुसऱ्या दिवशी, 4 ऑक्टोबरला, जागतिक प्राणी दिन असतो. हा विनोद कॅलेंडरने केलेला आहे. 27 एप्रिल (राजाचा वाढदिवस) आणि 31 डिसेंबरची संध्याकाळही टाळा.

भारतातून आणलेला गावठी कुत्रा इथे रमेल का? कागद काय लागतात?

रमतो, पण पहिल्या महिन्यात नको. इथे रस्त्यावर मोकळे कुत्रे नाहीत, आणि त्याला सायकलींची आणि पुलांची सवय नसते. आधी घराजवळच्या रस्त्यावर दोन-तीन आठवडे.

कागद: मायक्रोचिप, मग रेबीजची लस (बारा आठवड्यांच्या वयानंतर), मग किमान 30 दिवसांनी रक्ताची प्रतिपिंड चाचणी युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत, निकाल किमान 0.5 आययू प्रति मिलिलिटर, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. हिशोब केला तर पिल्लू सात महिन्यांचं होईपर्यंत येऊच शकत नाही. इथे राहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: दिवाळीला कुत्रा भारतात न्यायचा असेल तर ती चाचणी निघण्यापूर्वी इथेच करून कुत्र्याच्या पासपोर्टमध्ये नोंदवा. मग परत येताना तीन महिन्यांची वाट बघावी लागत नाही. ही चूक झाली की कुत्रा पुण्यात आणि माणसं लायडनमध्ये.

कोणते डच शब्द पाठ असावेत?

‘माख द होंट मे नार बिनन?’ म्हणजे कुत्रा आत आणला तर चालेल का. ‘फरबोडन फोर होंडन’ म्हणजे कुत्र्यांना बंदी. डचांचा ‘ग’ घशातून घासत येणारा ‘ख’ असतो, तो मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर जमतो. दुसऱ्याचा कुत्रा कुरवाळण्याआधी विचारतात. तुमच्याकडेही विचारतील, नको असेल तर ‘लीव्हर नीत’ म्हणा.

अडचण आली तर कोणाला फोन करावा?

जखमी किंवा संकटात सापडलेल्या जनावरासाठी 144 हा देशभराचा क्रमांक आहे. जिवावर बेतलं असेल, माणूसही संकटात असेल, तर 112. सुटीच्या दिवशी जवळच्या दवाखान्याच्या फोनवर ड्यूटीवरच्या पशुवैद्याची माहिती मिळते. निघण्यापूर्वी चिपची नोंद तुमच्या आत्ताच्या फोन क्रमांकावर आहे का ते बघून घ्या: घर बदललं, सिम बदललं, आणि नोंद जुनीच राहिली, असं खूपदा होतं.